व्हॉल्व्हचं पातेलं

"माझ्या हातून अडकणारा व्हॉल्व्ह कधी बाहेर गेला नाही."

हे माझ्या नवऱ्याचं वाक्य. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकत असताना त्याने ते म्हटलेलं मी ऐकलं आहे. समोर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे, कारण माझं लिहिलेलं तो वाचत नाही. ते तपासणीत पास होणार नाही असं त्याचं मत आहे, आणि तेही त्याने न वाचताच बनवलेलं आहे.

नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात तो मोटारींचे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह तपासायचा. मुठीत मावेल एवढी ती पितळी वस्तू. इंजिन थंड असेपर्यंत ती पाण्याची वाट अडवून धरते. इंजिन तापलं की तिच्या पोटातलं मेण फुगतं, झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. हे सगळं मला लग्नाआधीच माहीत झालं होतं. बघायला आले तेव्हा मोठ्यांनी आम्हाला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, आणि बऱ्याच शांततेनंतर त्याने विचारलं, "पाणी किती डिग्रीला उकळतं?" मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. म्हटलं, "पाहुणे आले की." त्यावरही तो हो म्हणाला, म्हणजे त्या दिवशी तपासणी ढिलीच होती.

कारखान्यात गरम पाण्याची टाकी असे. व्हॉल्व्ह जाळीत ठेवून पाण्यात सोडायचे. ब्याऐंशी अंशांना झडप उघडायलाच हवी. उघडली, पाणी निवल्यावर पुन्हा मिटली, की कडेवर तपासणाऱ्याची खूण ठोकायची. प्रत्येकाची खूण वेगळी. ह्याची त्रिकोणाची. आयुष्यभर हा माणूस त्रिकोण ठोकत आला आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्यावर ठोकत आला. भाजीत मीठ बरोबर असलं तर तो "छान" म्हणत नसे. "पास," म्हणे.

कारखाना बंद झाला तो गाजावाजा न होता. आधी एक पाळी कमी झाली, मग कँटीन, मग मशिनं ट्रकवर चढून दुसऱ्या राज्यात गेली. माणसं इथेच राहिली. तो घरी आला तेव्हा त्याच्याकडे जेवणाचा डबा, खुर्चीवरची उशी, जुना थर्मामीटर आणि ते वाक्य एवढंच होतं.

सुरुवातीला त्याने घर तपासलं. गिझर तपासला, फ्रिजचं रबर तपासलं, कुकर शिट्टी किती वेळाने देतो ते बघत ओट्यापाशी उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "तपासू नको रे बाबा, डाळ शिजू दे." आम्ही हसलो. मग हळूहळू त्याने तपासणं सोडलं आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसू लागला. ते जास्त वाईट होतं. सकाळी दाढी करणारा माणूस दुपारी दाढी करू लागतो आणि मग एक दिवसाआड करू लागतो, हे घरातल्या बाईला आरशाआधी कळतं.

अशात त्याच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. अंबडलाच एका छोट्या कारखान्यात त्या सहकाऱ्याला काम मिळालं होतं आणि तिथे तपासणीला माणूस हवा होता. फोनवरचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला, म्हणजे मी पोळी तव्यावर टाकून ऐकायला आले होते. "तुमच्यासारखा डोळा नाही हो मिळत, साहेब." हा म्हणाला, "गाडीचं थोडं काम निघालंय. ते मार्गी लागलं की येतो." पोळी जळली. पण मी त्याचे दोन शर्ट त्याच दिवशी इस्त्रीला टाकले.

गाडीचं काम म्हणजे तिचा काटा. त्या आठवड्यात द्वारकेच्या चौकात, सगळ्या बाजूंनी सगळे हॉर्न वाजवत असताना, तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला होता. गाडी मीच चालवत होते. मीच चालवते, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग आलं की तो इंजिनाचे आवाज ऐकतो आणि समोर बघत नाही. ही गाडी त्याने घेतली तीसुद्धा त्याच न्यायाने. शोरूममध्ये बाकीचे लोक रंग बघत होते, आणि ह्याने बॉनेट उघडायला लावलं. ह्या मॉडेलला आमच्या कारखान्याचा व्हॉल्व्ह बसतो, एवढ्यावर आम्ही राखाडी रंग पसंत केला.

मी गाडी बाजूला घेतली. त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या जवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मग रेडिएटरकडे जाणारा जाड पाईप मुठीत धरला आणि बसमधला दांडा धरावा तसा तो धरून उभा राहिला. बराच वेळ. मग रुमालाला हात पुसून म्हणाला, "पंखा असणार."

पंखा दाखवला. पंखा उत्तम फिरत होता. मग त्याने रेडिएटरची टोपी बदलली. मग म्हणाला पाण्यात क्षार आहेत, कुणीतरी बोअरचं पाणी ओतलेलं दिसतंय, आणि आईकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी तुळशीला घालते. तुझ्या गाडीला कशाला घालू?" पाणी काढलं, नवीन हिरवं कूलंट भरलं. काटा चार दिवस गुणी बाळासारखा मध्यावर राहिला आणि पाचव्या दिवशी मुंबई नाक्यावर पुन्हा वर गेला, मग एकदम धपकन खाली आला.

शेवटी पाथर्डी फाट्याच्या गॅरेजमध्ये रेडिएटर धुवायला नेला. तिथला मिस्त्री रेडिएटर धुऊन, पुसून माझ्याकडे आला. "ताई, रेडिएटरमध्ये काही नाही. व्हॉल्व्ह अडकतोय. काढून टाकू का? आपल्याकडे लागतच नाही तो. बर्फ पडतो तिकडे लागतो."

आमच्या घरात असं बोलणं म्हणजे देवघरात चप्पल घालून येणं. व्हॉल्व्ह काढून फेकणाऱ्यांबद्दल माझा नवरा जे बोलतो ते मी लिहिणार नाही. काढला की इंजिन कधी धड तापतच नाही, तेल जास्त पितं, आतून लवकर झिजतं, हे मला झोपेतसुद्धा पाठ आहे. तो मागेच उभा होता. पण तो चिडला नाही. नुसतं म्हणाला, "व्हॉल्व्ह ठीक आहे."

"काढून बघितला का, काका?"

"बघायची गरज नाही."

मिस्त्रीने माझ्याकडे असं बघितलं, जसं दारुड्याच्या बायकोकडे बघतात.

परत येताना मला सगळं कळलं. मला गाडीतलं काही कळत नाही, पण माणूस कुठे हात घालायचं टाळतो ते कळतं. व्हॉल्व्हबद्दल अख्ख्या नाशकात ज्याला सगळ्यात जास्त माहिती, तो माणूस सोडून सगळ्यांना व्हॉल्व्ह दिसत होता. त्या व्हॉल्व्हवर कारखान्याचा शिक्का असणार, कदाचित त्रिकोणही असणार. आणि तो जर बंद अडकलेला निघाला, तर मग कुठल्या तोंडाने हा माणूस दुसऱ्या कारखान्यात जाऊन "पास" म्हणणार होता? इस्त्रीचे दोन शर्ट कपाटात टांगलेले होते. ते तिथेच राहतील की काय, अशी भीती मला वाटू लागली.

मग मीही त्याच्या बाजूने रोगाचं नाव बदलायला लागले. "अहो, पंप असेल हो," मी म्हणायची. पंप कुठे असतो ते मला आजही माहीत नाही. देवापाशी बाकीच्या बायका नवऱ्याची प्रकृती मागतात. मी काळाराम मंदिराबाहेर चपला काढताना मनात म्हटलं, रेडिएटर फुटू दे.

एप्रिलमध्ये चांदवडला दिराच्या मुलीचा साखरपुडा होता. दीर कांद्याची शेती करतो, माल पिकअपमध्ये भरून लांब लांब नेतो. मनाने चांगला आहे, फक्त त्याला समोर चार माणसं लागतात. जाताना काटा शहाण्यासारखा राहिला. सासूबाई मागे नवी रेशमी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, देव पावला.

पंगत बसली तेव्हा दीर वाढता वाढता आमच्यासमोर थांबला. "काय दादा, गाडी लय तापती म्हणे?"

"बघतोय."

"तुझ्याच कंपनीचा व्हॉल्व्ह हाय ना तिच्यात? काढून फेक. आपल्या पिकअपचा कवाच फेकला. कांदा भरून पार इंदूरला जाती, काय नाय होत."

पंगत ऐकत होती. नवऱ्याने पुरी ताटात ठेवली आणि ते वाक्य म्हटलं. माझ्या हातून अडकणारा व्हॉल्व्ह कधी बाहेर गेला नाही. नेहमीसारखं ठासून नाही. कुणीतरी विचारल्यावर पत्ता सांगावा तसं.

"माहितीय रे," दीर म्हणाला, "मग तापतंय काय? वहिनीचं डोकं?"

सगळे हसले. मीही हसले, माझं डोकं तापतं ही गोष्ट खोटी नाही. सासूबाई म्हणाल्या, "गप, मोठा भाऊ आहे तुझा. जिलबी आण." जिलबी आली. त्याने ती खाल्ली नाही.

परतताना दुपार कलायला लागली होती, पण ऊन तसंच होतं. पिंपळगावच्या टोलनाक्याच्या अलीकडे काटा चढायला लागला. मी वेग कमी केला. काटा चढतच राहिला. पार लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून उकळल्यासारखा आवाज यायला लागला.

"हीटर लाव," तो म्हणाला.

"काय?"

"हीटर. पूर्ण. एसी बंद, काचा खाली."

"अहो, एप्रिल चाललाय."

"लाव गं."

मी लावला. आमच्या गाडीचा हीटर आम्ही कधी लावलाच नव्हता. जाळीतून आधी कित्येक वर्षांची धूळ आली आणि मग भट्टीचं दार उघडावं तशी हवा. बाहेरून ऊन, आतून ती हवा. मागून सासूबाई ओरडल्या, "अरे, माझा पापड भाजणार आहेस का?" तो जाळीसमोर तळहात धरून बसला होता. काटा थबकला, मग हळूहळू खाली यायला लागला. मला इतका आनंद झाला! घाम डोळ्यांत जात होता तरी मी म्हटलं, "उतरला हो!"

"हवा गरम येतेय," तो म्हणाला. "म्हणजे पाणी फिरतंय. म्हणजे पंप चांगला आहे."

आणि हात खाली घेतला.

पंखा झाला होता, टोपी झाली, पाणी झालं, रेडिएटर झाला. आता पंपही गेला. मला तेव्हाही गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "वायरिंग असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"व्हॉल्व्ह आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. इंजिन पेटलेलं आणि पाईप गार."

घरी येईपर्यंत हीटर चालू होता.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीतला एक शर्ट घातला, पँटमध्ये खोचला आणि पाने-पक्कड घेऊन पार्किंगमध्ये गेला. मी वरून बघत होते. दुसरा कुणी गाडीत हात घालताना मळके कपडे घालतो. हा तपासणीला निघाल्यासारखा गेला होता. तासाभराने जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली वस्तू तळहातावर घेऊन वर आला आणि ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं.

सासूबाईंनी ते त्याच्या हातून काढून घेतलं. "त्यात दूध तापतं. इंजिन नाही." मग फळीवरून एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं काढून दिलं. "हे घे. ह्याची भाजी करणार आहेस का काय?"

त्याने पाणी भरलं. पातेल्यावर उलथनं आडवं ठेवलं, त्याला दोऱ्याने व्हॉल्व्ह टांगला, तळाला लागू नये असा. बाजूला त्याचा कारखान्यातला थर्मामीटर सोडला. गॅस बारीक केला. आम्ही तिघं पातेल्याभोवती उभे राहिलो, बारशाला पाळण्याभोवती राहतात तसे.

पाणी गरम झालं. वाफ धरायला लागली. तो अंश मोठ्याने वाचत होता, मला नाही, टाकीसमोर उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगितल्यासारखं. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. ब्याऐंशीला त्याचा आवाज थांबला. व्हॉल्व्ह पाण्यात तसाच लटकत होता, ओठ मिटून.

"थर्मामीटर जुना आहे," मी म्हटलं.

"नाही."

नव्वद झालं. पाणी उकळायला लागलं, व्हॉल्व्ह बुडबुड्यांत नाचायला लागला, पण झडप केसभर हलली नाही. सासूबाईंना शांतता सहन होत नाही. म्हणाल्या, "झाकण ठेव, लवकर होईल." कुणी हसलं नाही, तेव्हा त्या देवघरात निघून गेल्या.

त्याने गॅस बंद केला. पाणी ओतलं, गार पाणी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. ब्याऐंशी. नव्वद. उकळी. मग व्हॉल्व्ह बाहेर काढून फडक्याने पुसला, नखाने कडेवरचं किटण खरवडलं, चष्मा कपाळावर नेला आणि खिडकीपाशी गेला.

"त्रिकोण आहे," तो म्हणाला. "माझाच."

मी बोलायला सुरुवात केली. मला बोलता येतं, एवढंच येतं. म्हटलं, किती वर्षं झाली गाडी घेऊन, एवढी वर्षं उघडलाच ना तो, उन्हात, घाटात, वस्तू म्हातारी होतेच, माझे गुडघे बघा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हातारा होऊ दे," तो म्हणाला. "झिजू दे. उघडा अडकू दे. उघडा अडकला तर गाडी गार राहते, माणूस घरी पोहोचतो. बंद नाही अडकायचा. बंद अडकणारा ओळखायचा, त्यासाठीच तर मला ठेवलं होतं." मग व्हॉल्व्ह तळहातावर फिरवत म्हणाला, "असे किती गेले असतील गं?"

मी पातेलं घासायला घेतलं.

नवा व्हॉल्व्ह त्याने दुसऱ्या दिवशी आणला. तोही आधी त्याच पातेल्यात टांगला. ब्याऐंशीला पोचता पोचता झडप हलली आणि काही आवाज न करता उघडत गेली. सासूबाईंनी "उघडला बाई!" म्हणून हात जोडले. त्याने मान हलवली. पास म्हणाला नाही. खाली जाऊन बसवून आला. तेव्हापासून काटा मध्यावर आहे, द्वारकेच्या चौकातसुद्धा. मीच एकटी त्याच्याकडे बघते.

सहकाऱ्याचा पुन्हा फोन आला तेव्हा तो गॅलरीत जाऊन बोलला. दार ओढलं होतं, पण मी पोळ्या करत नव्हते, त्यामुळे सरळ दाराशीच उभी होते. "नाही हो," तो म्हणत होता, "डोळ्याचं जरा... नाही, ऑपरेशन वगैरे नाही. दुसरं कुणी बघा." आत आला, मला दाराशी बघितलं आणि म्हणाला, "ऐकलंस ना, मग आता विचारू नको." तो इस्त्रीचा दुसरा शर्ट अजून टांगलेला आहे. खांद्यावर हँगरची घडी पडली आहे.

श्रावणात दीर भाजी घेऊन आला. बसला, पाणी प्यायला आणि चार माणसं नव्हती तरी म्हणाला, "काय दादा, निघाला ना व्हॉल्व्हच?"

नवऱ्याने काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "ह्यांच्या हातून अडकणारा व्हॉल्व्ह कधी बाहेर गेला नाही, भाऊजी." इतकी वर्षं मी ह्या वाक्याची नक्कल करून माहेरच्यांना हसवत आले. ते खरं असल्यासारखं म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली.

"राहू दे गं," नवरा म्हणाला.

दिराने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि चपापला. मग तो कांद्याच्या चाळीबद्दल बोलत राहिला, वारा कसा लागायला हवा, खालचा थर कसा सडतो. जाताना चपला घालता घालता हळूच मला म्हणाला, "वहिनी, म्या मस्करी केली होती वं."

"माहितीय मला," मी म्हटलं.

ते पातेलं आता वेगळं आहे. सासूबाईंनी ते खालच्या फळीवर एकटं ठेवलं आहे आणि कामाला येणाऱ्या बाईला बजावलं आहे, ते त्याचं आहे, त्यात काही ओतू नको. दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, की मी जरा आडवी होते. तेव्हा स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज येतो. उलथनं पातेल्यावर ठेवल्याचा आवाज येतो. सुरुवातीला मला वाटायचं, चहा ठेवला. मग बराच वेळ कपांचा आवाज येत नाही.

रोज नाही, पण आठवड्यातून एखाद्या दुपारी तो जुना व्हॉल्व्ह पाण्यात टांगून उभा राहतो. काय बघतो ते मी विचारत नाही. परवा मात्र उठून गेले. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला होता. मी पलीकडच्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि दोन्ही भांडी उकळेपर्यंत त्याच्याशेजारी उभी राहिले.

"उघडला का?" मी विचारलं.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पातेल्यात बघितलं.

"अजून नाही," तो म्हणाला.